नॅनो-रौप्य, धावड्याचा डिंक आणि आपले फडताळ

गतवर्षी वैशाखात आमच्या औषधालयाचे फडताळ आवरीत असता एका खोक्याने आमचे लक्ष वेधून घेतले. व्रणावर लावावयाच्या एका जेलच्या पारदर्शक ट्यूब त्यात होत्या. माघात आम्ही ६० ट्यूब घेतल्या होत्या, त्यांपैकी ४८ शिल्लक होत्या. खरेदीच्या वेळी हे जेल वाळल्या गवतासारख्या फिकट पिवळ्या रंगाचे आणि नितळ होते. आता त्यांतील ११ ट्यूबमधील जेल राखेच्या वर्णाचे झाले होते आणि तिघींत काळसर ठिपके धरले होते. वेष्टनावर 'नॅनो रौप्य भस्म, पॉलिमर-आधारित' अशी ठळक अक्षरे होती. मुदत संपावयास अद्याप १४ महिने अवकाश होता.

ह्याच जेलच्या तीन ट्यूब आम्ही एका रुग्णास दिल्या होत्या. रुग्ण ५८ वर्षांचे, शेतकरी, मधुमेह ११ वर्षांचा, उजव्या पायाच्या अंगठ्यालगत व्रण. जात्यादि घृताने तो व्रण मंद गतीने का होईना, पण भरत होता. नव्या औषधाच्या मोहाने आम्ही घृत थांबविले आणि जेल सुरू केले. तीन आठवडे व्रण जेथे होता तेथेच राहिला, कडा करड्या दिसू लागल्या, आणि चौथ्या आठवड्यात दुर्गंधी व स्राव दिसताच आम्ही त्यांना शल्यचिकित्सकांकडे पाठविले. अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. जेलमुळेच असे घडले, हे म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. मधुमेही पायाची हमी कोणतेच औषध देत नाही. परंतु ज्या पदार्थात काय आहे आणि ते कशाच्या आधाराने टिकून आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते, त्या पदार्थावर आम्ही तीन आठवडे विसंबलो, हे आम्ही नाकारू शकत नाही. ह्या लेखाचे कारण तेच. आपल्यापैकी पुष्कळांच्या फडताळात आज असे एखादे खोके असेलच.

कण लहान करणे आणि लहान ठेवणे

एका मिलिमीटरचे १० लाख भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७,००० नॅनोमीटर असतो. ज्या रौप्यकणांविषयी आपण बोलत आहोत ते साधारणतः ५ ते १०० नॅनोमीटरचे. आता एक सेंटिमीटर बाजूचा रौप्याचा घन कल्पावा. त्याचे वजन सुमारे साडेदहा ग्रॅम आणि सहाही बाजू मिळून पृष्ठभाग अवघा ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर तेवढ्याच रौप्याचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. रौप्याचे वजन गुंजभरही वाढले नाही, परंतु बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध दहा लाख पटींनी वाढला. नॅनोकणांचे जे काही सामर्थ्य सांगितले जाते, त्याचे मूळ बव्हंशी येथे आहे.

त्यांची दुर्बलताही येथेच आहे. धातूच्या पोटातील अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरील अणूची एक बाजू उघडी पडलेली असते, म्हणून जो भेटेल त्याला तो बिलगू पाहतो. दोन रौप्यकण जवळ आले की एकमेकांस चिकटतात, त्या जोडीस तिसरा चिकटतो, आणि पाहता पाहता नॅनोकणांची साधी रौप्याची पूड होऊन बसते. खलात अतिसूक्ष्म घोटलेले चूर्ण उघडे राहिले की त्यात गुठळ्या धरतात, हे आपण नित्य पाहतो. येथे प्रमाण निराळे, पण चिकटण्याची ओढ त्याच जातीची. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून रौप्याचे सूक्ष्म कण काढणे हे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखे काम आहे. ते कण सहा महिने, वर्षभर, दोन वर्षे सुटे राखणे, त्यातही आपल्याकडच्या ४२ अंशांच्या उन्हाळ्यात, ह्यातच खरे कौशल्य लागते.

कण सुटे आहेत की नाहीत हे रंगावरून पुष्कळसे कळते. सुटे रौप्यकण प्रकाशातील ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा भाग शोषून घेतात, म्हणून त्यांचे द्रावण पिवळे दिसते. ते एकत्र आले की हे शोषण सर्व वर्णांवर पसरते आणि पिवळा रंग जाऊन करडा येतो. सुवर्णाचे सुटे कण माणकासारखे तांबडे दिसतात, एकवटले की निळे-जांभळे. आमच्या ११ ट्यूब आपली स्थिती रंगानेच सांगत होत्या. ती वाचता येण्याइतके ज्ञान आम्हांस त्या दिवशी नव्हते.

कणांना परस्परांपासून दूर राखण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला विद्युत्भाराचा. प्रत्येक कणावर सायट्रेटसारख्या आयनांचा ऋणभार बसविला की समान भारामुळे कण एकमेकांस दूर लोटतात. सोडियम सायट्रेटने सुवर्णकण बनविण्याची १९५१ साली टर्केविच यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते. हा मार्ग स्वस्त आणि सोपा, पण लवणापुढे तो टिकत नाही. द्रावणात मीठ पडले की त्यातील आयन कणांच्या भाराभोवती गर्दी करून तो झाकतात, प्रतिकर्षणाचा पल्ला आखडतो आणि कण भिडतात. व्रणाच्या स्रावात मीठ असतेच, घामात असते, हे वैद्यांस सांगावयास नको.

दुसरा मार्ग पॉलिमरचा, म्हणजे मराठीत ज्यास बहुवारिक म्हणतात त्याचा. एकाच प्रकारचे लहान रेणू शेकड्यांनी वा हजारांनी एकापुढे एक जोडले जाऊन बनलेली ही लांब साखळी. डिंक, स्टार्च, जिलेटिन, कापसातील सेल्युलोज ही सारी निसर्गातील बहुवारिके होत. अशी साखळी काही ठिकाणी कणाच्या पृष्ठभागास चिकटते आणि तिचे उरलेले वेढे व मोकळी टोके भोवतालच्या पाण्यात पसरलेली राहतात. असे दोन कण जवळ येऊ लागले की दोघांच्या साखळ्यांची मध्ये दाटी होते. त्या दाटीत पाणी शिरू पाहते आणि कणांस परत दूर सारते. येथे विद्युत्भाराचा आधार मुख्य नसल्याने लवणाचा उपद्रवही फारसा होत नाही.

शाई, लंडन आणि डिंकाचा लाडू

हे नवे तंत्रज्ञान आहे असे जाहिरातीत वाचावयास मिळते, तेव्हा आम्हांस काजळाच्या शाईची आठवण होते. दिव्याचे काजळ म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. नुसत्या पाण्यात ते मिसळतही नाहीत आणि घोटून मिसळले तरी तळाशी बसतात. बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटले की तीच शाई बोरूला पुरते आणि कागदावर वाळली की डिंकाच्या पापुद्र्यात काजळ अडकून बसते. जुन्या मोडी कागदांवरील काळी अक्षरे शतकांनंतरही काळीच दिसतात, ती ह्या दोघांच्या जोडीमुळे. पॉलिमरने स्थिर केलेल्या कणांचे संमिश्र म्हणतात ते हेच. फरक इतकाच की येथे धातूऐवजी कार्बन आहे.

धातूच्या बाबतीत हा विचार प्रयोगाने प्रथम मांडला तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील मायकेल फॅरडे यांनी, १८५७ साली. सुवर्णाच्या क्षारद्रावणातून फॉस्फरसच्या योगे त्यांनी माणकरंगी द्रव काढला. त्यात मीठ घालताच तो निळा पडतो, आणि आधी जिलेटिन घातलेले असेल तर पडत नाही, हेही त्यांनी पाहिले. त्यांच्या हातचे सुवर्णद्रव त्या संस्थेत अजून जतन केलेले आहेत.

पुढे रिचर्ड झिगमोंडी यांनी ह्या निरीक्षणास मोजमाप दिले. तांबड्या सुवर्णद्रवाचे १० मिलिलिटर घ्यावयाचे, त्यात १० टक्के मिठाचे पाणी १ मिलिलिटर घालावयाचे, आणि रंग जांभळट होऊ नये म्हणून किती मिलिग्रॅम रक्षक पदार्थ लागतो ते पाहावयाचे. ह्या आकड्यास त्यांनी सुवर्णांक म्हटले. आकडा जितका लहान, तितका रक्षक बलवान. जिलेटिनचा सुवर्णांक ०.००५ ते ०.०१, बाभळीच्या डिंकाचा सुमारे ०.१५ ते ०.२५, आणि बटाट्याच्या स्टार्चचा तब्बल २५. सारेच बहुवारिक, सारेच पाण्यात दाटपणा आणणारे, पण रक्षणाच्या सामर्थ्यात हजारो पटींचे अंतर. औषधालय चालविणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत अशी आमची विनंती आहे. 'पॉलिमर-आधारित' ह्या शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. कोणता पॉलिमर, किती, आणि तो कणाला चिकटलेला आहे की नुसता भोवती आहे, हे विचारावे लागते.

प्रमाणाविषयी आणखी एक गोष्ट. पुरेसा डिंक कणांचे रक्षण करतो, पण अपुरा डिंक घात करतो. साखळ्या कमी पडल्या की एकाच साखळीचे एक टोक एका कणास आणि दुसरे टोक दुसऱ्या कणास चिकटते, आणि ती जणू पूल बांधून कण गोळा करू लागते. खर्च वाचविण्यासाठी पॉलिमर निम्मा केला तर गुण निम्मा होतो असे नाही. काही वेळा पॉलिमर मुळीच नसता तर बरे, अशी अवस्था येते.

आपल्या घरांत हिवाळ्यात लाडवांसाठी जो धावड्याचा डिंक तळला जातो, तो ह्या कामात उत्तम ठरला आहे हे वाचून आम्हांस गंमत वाटली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील केंद्रातील संशोधकांनी २०१२ साली धावड्याच्या डिंकाचे पाणी आणि सिल्व्हर नायट्रेट ऑटोक्लेव्हमध्ये तापवून सुमारे ५ ते ६ नॅनोमीटरचे रौप्यकण मिळविल्याचे प्रसिद्ध केले. रौप्यास धातुरूपात आणण्याचे काम डिंकच करतो आणि तयार कणांस सांभाळण्याचेही तोच.

व्रणावर काय घडते

द्रवातील कण सुटे राहिले एवढ्याने वैद्याचे काम होत नाही. त्यास पट्टी हवी, पापुद्रा हवा, जेल हवे. म्हणजे कण पॉलिमरच्या घन वा अर्धघन आधारात विखुरलेले हवेत. हेच संमिश्र. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान, समुद्रशैवालापासूनचे अल्जिनेट, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन ही ह्या कामी नित्य वापरली जाणारी द्रव्ये. शेवटचे नाव अपरिचित वाटले तरी वस्तू परिचित आहे. पोव्हिडोन आयोडीनच्या तपकिरी बाटलीतील पोव्हिडोन तेच. तेथे ते आयोडीनला धरून ठेवते, येथे रौप्याला.

संमिश्रात पॉलिमरने परस्परविरुद्ध दोन कामे करावयाची असतात. त्याने कणांस बांधून ठेवावे, आणि रौप्यास बाहेरही जाऊ द्यावे. कारण जंतूंचा नाश मुख्यतः रौप्याचा कण करीत नाही. ओलावा आणि प्राणवायू यांच्या संयोगाने कणातून सुटणारा रौप्य-आयन करतो. अमेरिकेतील राईस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्राणवायू पूर्णपणे वगळून प्रयोग केला, तेव्हा जंतूंवर रौप्यकणांचा परिणाम दिसेनासा झाला. कण हे आयनांचे कोठार, असे म्हणावयास हरकत नाही. कोठार पाण्याला अभेद्य अशा पॉलिमरमध्ये बंद केले तर बाहेर काहीच पडत नाही. कायटोसान वा अल्जिनेट पाणी धरते, फुगते आणि वाट देते, म्हणून व्रणासाठी त्यांची निवड होते. आणि कोठारातील कण आधीच एकवटून मोठे झाले असतील, तर पृष्ठभाग घटतो, आयन सुटण्याची गती मंदावते. वजनाने रौप्य तेवढेच, वेष्टनावरील आकडाही तोच, कार्य मात्र घटलेले. आमच्या रुग्णाच्या पायावर असेच काहीसे घडले असावे.

व्यवहारातील एक सूचना येथेच देतो. नॅनोस्फटिकी रौप्याची पट्टी ओली करताना सलाईन वापरू नये, निर्जंतुक पाणी वापरावे. सलाईनमधील क्लोराइड रौप्य-आयनास पकडते आणि अविद्राव्य सिल्व्हर क्लोराइड बनते. ही सूचना पट्टीच्या पत्रकावर बारीक अक्षरांत असते आणि परिचारक सवयीने सलाईनची बाटली उचलतात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी रौप्यकणांचे एक जेल तयार करून त्याविषयीचे संशोधन २००९ साली प्रसिद्ध केले. ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम रौप्य असलेल्या त्या जेलचा जंतुनाशक गुण सिल्व्हर सल्फाडायझिनच्या प्रचलित मलमाशी तुल्य आढळला, आणि त्यात रौप्य सुमारे तिसांश होते. नॅनो-रौप्य म्हणजे थोतांड, असा ग्रह कोणी करून घेऊ नये म्हणून हा उल्लेख केला. त्या शास्त्रज्ञांनी कणांचे माप दिले, स्थिरीकरण कसे केले ते सांगितले आणि पदार्थास रौप्यकणांचे जेल म्हटले. भस्म म्हटले नाही.

पोटात घ्यावयाच्या 'कलिल रौप्या'ची गोष्ट निराळी. प्रथिनांच्या आधाराने स्थिर केलेले रौप्य प्रोटारगोल या नावाने १८९७ साली आणि आर्जिरोल या नावाने १९०२ साली पाश्चात्त्य बाजारात आले. नवजातांच्या डोळ्यांत आणि पूयमेहात त्याचा मोठा वापर झाला. दीर्घकाळ रौप्य घेतलेल्यांची त्वचा कायमची निळसर करडी होते, हेही वैद्यकास तेव्हापासून ठाऊक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या कलिल रौप्यास सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही असा नियम केला. तरीही 'रोगप्रतिकारशक्तीसाठी रोज १० थेंब' सांगणारे विक्रेते आमच्याकडे येऊन गेले आहेत.

हे भस्म नव्हे

आता ज्या शब्दामुळे आम्ही फसलो त्या शब्दाकडे वळतो. गेल्या काही वर्षांत आपल्या परिषदांतून 'भस्म म्हणजे प्राचीन नॅनोतंत्रज्ञान' हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आले की ते आपणांस सिद्धान्तच वाटू लागले. आम्हीही ते व्यासपीठावरून उच्चारले आहे. त्यामुळेच वेष्टनावर 'नॅनो' आणि 'भस्म' हे शब्द शेजारी दिसले तेव्हा आम्हांस शंका आली नाही.

दोहोंच्या घडणीकडे पाहावे. रौप्याचे पत्रे शोधून, कज्जली वा हरताळासह मर्दन करून, चक्रिका वाळवून पुट दिले जाते. भावनेत कुमारीस्वरसासारखे बुळबुळीत, बहुवारिकयुक्त द्रव्य वापरले जाते खरे, पण पुटात ते जळून जाते. मागे उरते ते कोरडे, सूक्ष्म कणांच्या पुंजक्यांचे चूर्ण, आणि त्यातील रौप्य बव्हंशी गंधकाशी संयोग पावलेले असते. अपुनर्भव परीक्षेत आपण गूळ, गुंजा, मध, तूप आणि टंकण यांसह भस्म तापवून धातू परत प्रकट होतो का ते पाहतो. निरुत्थ परीक्षेत रौप्याच्या तुकड्यासह तापवून त्याचे वजन वाढते का ते पाहतो. धातू धातुरूपात राहू नये, हाच त्या परीक्षांचा हेतू. पॉलिमरने सांभाळलेला रौप्यकण हा मात्र धातूच असतो, आणि त्याने धातूच राहावे ह्यासाठी सारी खटपट असते. तापविला तर पॉलिमर जळेल आणि रौप्य लखलखीत पुढे येईल. रसशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर तो अमृत धातू आहे. येथे 'अमृत' म्हणजे न मारलेला.

सुवर्णाच्या बाबतीत हा युक्तिवाद अडखळतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सुवर्णभस्माच्या क्ष-किरण परीक्षणात त्यात धातुरूप सुवर्णच आढळते. २००७ साली 'गोल्ड बुलेटिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातील स्फटिकांचे माप सुमारे ५७ नॅनोमीटर दिले आहे. हा आकडा आपल्याकडे फार उत्साहाने उद्धृत केला जातो, परंतु स्फटिकाचे माप म्हणजे कणाचे माप नव्हे. क्ष-किरण स्फटिक मोजतात. असे अनेक स्फटिक जुळून जो कण बनतो तो पुष्कळ मोठा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल एवढाही असू शकतो, आणि त्याच अभ्यासाने सुवर्णभस्मास नॅनोकण न म्हणता सूक्ष्मकणांचे द्रव्य म्हटले आहे. चुन्याच्या फरशीत कण बारीक म्हणून फरशीस कोणी पीठ म्हणत नाही. सुवर्णभस्माचे गुण काय आणि ते कसे घडतात ह्याचे उत्तर सुवर्णभस्मावरील अभ्यासातूनच येईल, नॅनो-सुवर्णाच्या अभ्यासातून उसने घेता येणार नाही. उलट दिशेची उसनवारी तर आणखी घातक. रौप्यभस्माचा शास्त्रोक्त आधार नॅनो-रौप्याच्या जेलला लावणे, हीच ती उसनवारी.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० ह्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांनुसार बनविलेले ते आयुर्वेदीय औषध. प्रोप्रायटरी औषधातही घटकद्रव्ये त्या ग्रंथांतील योगांत आलेलीच असावी लागतात. सिल्व्हर नायट्रेटपासून काढलेल्या रौप्यकणांस रौप्यभस्म म्हणून विकले, तर आमच्या समजुतीप्रमाणे तो कलम ३३-ई मधील दिशाभूल करणाऱ्या लेबलाचा प्रश्न होतो. लेबल छापणारा दूर असतो आणि निरीक्षक प्रथम दुकानात येतो, ह्याचा अनुभव औषधालय-मालकांस आहेच. लेबलाची किंमत सर्वांस मोजावी लागते, हे २००४ सालीही दिसले. बोस्टनच्या दुकानांतील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे वृत्त आले आणि ज्यांनी आयुष्यात निर्यात केली नव्हती अशा वैद्यांसही रुग्णांनी प्रश्न विचारले.

सैंधवाची परीक्षा

करड्या ट्यूब घेऊन आम्ही विज्ञान महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी पिवळे आणि करडे, दोन्ही प्रकारचे जेल ऊर्ध्वपातित पाण्यात विरळ करून वर्णपटमापकात पाहिले. पिवळ्याचा आलेख ४१५ नॅनोमीटरला स्वच्छ टोक दाखवीत होता. करड्याचे टोक खचलेले, आणि पुढे लांबवर पसरट शेपूट. कण एकवटले होते, ह्यात संशय उरला नाही. मग त्यांनी जे केले ते आपणांपैकी कोणासही आपल्या टेबलावर करता येईल.

हरभऱ्याएवढे जेल १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात चांगले ढवळावे. नळाचे पाणी घेऊ नये, त्यातील क्लोराइडने परीक्षा बिघडते. अंधाऱ्या खोलीत पेल्यातून लेझरचा किरण सोडावा. कलिल असेल तर किरणाची वाट पाण्यात उजळलेली दिसते. नंतर सैंधवाचे १० टक्के पाणी थेंबाथेंबाने १० मिलिलिटरपर्यंत घालावे. दुधासारखे पांढरे उमटले, तर त्यात रौप्यकण नसून मुख्यतः विरघळलेला रौप्यक्षार आहे, मग वेष्टनावर काहीही लिहिलेले असो. पिवळा रंग जाऊन करडा आला, तर कण आहेत, पण केवळ विद्युत्भाराच्या आधारावर. पिवळा तासाभरानंतरही पिवळाच राहिला, तर कणावर खरोखर रक्षक पॉलिमर आहे. कार्बोमरचे जेल मिठाने पातळ होते. तो दोष मानू नये. ही परीक्षा गुणवत्तेचा दाखला नव्हे, प्रयोगशाळेच्या अहवालास पर्यायही नव्हे. परंतु प्रतिनिधी समोर बसलेला असता ती दहा मिनिटांत सुरू करता येते.

आमची उरलेली पिवळी ट्यूबही पाच मिनिटांत करडी झाली. तेव्हा उलगडा झाला. जेलमध्ये पॉलिमर होता, दाटपणा आणणारा कार्बोमर. कणांवर मात्र नव्हता. जेलच्या घट्टपणाने कणांची हालचाल मंदावली होती, थांबली नव्हती, आणि फडताळातील चैत्र-वैशाखाच्या उष्म्याने उरलेले काम केले. वेष्टनावरील 'पॉलिमर-आधारित' हा शब्द अक्षरशः खरा होता.

त्याच प्रयोगशाळेत कुतूहल म्हणून धावड्याच्या डिंकाचे अर्धा टक्का पाणी करून, वस्त्रगाळ करून, १०० मिलिलिटरला १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट घालून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर अर्धा तास ठेवले. बाहेर आला तो सोनेरी तपकिरी द्रव. सैंधवाने तो ढळला नाही. ती बाटली आम्ही रुग्णासाठी वापरलेली नाही आणि कोणी वापरू नये. केवळ पाहण्यासाठी काळ्या कागदात गुंडाळून ठेवली आहे.

औषधालय-मालकांनी असे उत्पादन घेताना कणांचे सरासरी माप आणि त्याची व्याप्ती, पॉलिमरचे नाव व प्रमाण, आणि ४० अंशांवर किमान सहा महिने ठेवून घेतलेल्या स्थिरता-परीक्षेचा अहवाल लेखी मागावा. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांत ह्याच स्वरूपाची माहिती अपेक्षिली आहे, तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही. माल उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावा. एक ट्यूब खरेदीच्या तारखेसह बाजूला काढून दर महिन्यास उजेडात धरून पाहावी.

आम्ही त्या कंपनीस आलेखांच्या प्रतींसह पत्र धाडले. दोन स्मरणपत्रांनंतर नवे खोके आले आणि जुन्या ट्यूब परत कराव्यात असा निरोप आला. ११ करड्यांपैकी चार आम्ही ठेवून घेतल्या, बाकीचा सारा माल परत केला. नव्या खोक्यावर 'भस्म' हा शब्द नाही. पॉलिमरचे नावही नाही. ते खोके आम्ही अद्याप उघडलेले नाही, आणि त्या शेतकरी गृहस्थांच्या दुसऱ्या पायाला गेल्या महिन्यात जी चीर पडली, तिच्यावर जात्यादि घृतच चालू आहे.